वैज्ञानिक दृश्यीकरण व वितरित महासंगणन
वैज्ञानिक दृश्यीकरण व वितरित महासंगणन : मापनातून अथवा गणनातून मिळालेल्या विपुल संख्यात्मक माहितीचे अर्थबोधक चित्रांत रूपांतर करणे म्हणजे वैज्ञानिक दृश्यीकरण होय. अशी माहिती जेथे निर्माण होते आणि जेथे अभ्यासिली जाते, ती ठिकाणे परस्परांपासून दूर असल्यास महासंगणक, साठवण व दळणवळणजाळे यांची एकत्रित यंत्रणा उभारावी लागते. अमेरिकेत १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालामुळे हा विषय स्वतंत्र शाखा म्हणून पुढे आला. महाराष्ट्रात त्याचा इतिहास मुख्यतः पुणे शहरात घडला. त्याची खरी कसोटी मात्र भोर व वेल्हे (आता राजगड) यांसारख्या सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या तालुक्यांत लागते.

प्रगत महासंगणकांच्या निर्यातीवर अमेरिकेने निर्बंध घातल्याने १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. विजय भटकर हे त्याचे पहिले संचालक. केंद्राने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. एकच अतिवेगवान प्रक्रियक बनविण्याऐवजी बाजारात मिळणारे अनेक ‘ट्रान्सप्यूटर’ जोडून त्यांच्यात काम वाटून देणे, ही त्यामागील कल्पना होती. दृश्यीकरणासही हीच पद्धत सोयीची ठरते. प्रत्येक प्रक्रियक आपल्या वाट्याच्या माहितीचे चित्र काढतो व ही अंशचित्रे खोलीच्या क्रमाने एकमेकांवर बसवून पूर्ण चित्र तयार होते. पुढे १९९८ मध्ये ‘परम १००००’ आला. पुण्यातीलच ‘एका’ हा टाटा समूहाचा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथ्या क्रमांकावर होता.

यानंतर सी-डॅकने ‘गरुड’ हे राष्ट्रीय संगणनजाल उभारले. पहिल्या टप्प्यात १७ शहरांतील ४५ संस्था त्यात जोडल्या गेल्या. अडचण गणनवेगापेक्षा जोडणीचीच अधिक होती. सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणाऱ्या तारेतून एक टेराबाइट माहिती पाठविण्यास सु. २२ तास लागतात. उलट एका पडद्याचे चित्र काही मेगाबाइटांत मावते. म्हणून माहिती जागीच ठेवून चित्र तेवढे अभ्यासकाकडे पाठविण्याची रीत रूढ झाली. खगोलशास्त्रात आयुका व पर्सिस्टंट यांनी मिळून ‘व्हीओप्लॉट’ हे आलेखन-साधन तयार केले.

भोर-वेल्ह्याच्या पश्चिम सीमेवर कोकणातून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या कड्यावर चढून थंड होतात. त्यामुळे माथ्यावर मुसळधार पाऊस पडतो व पूर्वेस थोड्याच अंतरात तो झपाट्याने घटतो. येथेच पानशेत, भाटघर व नीरा-देवघर या जलाशयांची पाणलोटक्षेत्रे आहेत. धरणातून पाणी केव्हा सोडावे हा निर्णय याच पट्ट्यातील पावसावर अवलंबून असतो. पूर्वानुमानाच्या १२ किमी. जाळीत एक चौकट १४४ चौ. किमी. भूभाग व्यापते, साहजिकच तोरण्याचा १,४०३ मी. उंच डोंगर व त्याच्या पायथ्याची खोरी तीत सरासरीने एकरूप होतात. जाळीतील अंतर निम्मे केल्यास चौकटी चौपट होतात आणि कालखंडही निम्मा करावा लागत असल्याने गणन सु. आठपट वाढते. याकरिताच पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ व २०२४ मध्ये ‘अर्क’ (११.७७ पेटाफ्लॉप्स) हे महासंगणक बसविण्यात आले. २६ मे २०२५ रोजी सु. ६ किमी. जाळीची ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’ कार्यान्वित झाली.

चित्र हे माहितीहून अधिक सांगू शकत नाही, हे दृश्यीकरणात नेहमी विसरले जाते. चौकटींमधील रंग गुळगुळीत जुळविले की नकाशा सुबक दिसतो. परंतु त्यातील एखाद्या खोऱ्यावरचा रंग गणिताने काढलेला नसून शेजारच्या दोन आकड्यांमधून ओढलेला असतो. तो रंग प्रमाण मानून धरणाचे दरवाजे हलविणे धोक्याचे. अशा पडताळ्यासाठी प्रत्यक्ष मोजणी लागते. भोरच्या दक्षिणेस मांढरदेवच्या डोंगरावरून २०१० नंतरच्या दशकात याच संस्थेने रडारने मोसमी मेघांची त्रिमितीय निरीक्षणे घेतली. ६ किमी. जाळीतही एक चौकट ३६ चौ. किमी. एवढी असते आणि वेल्ह्यातील बहुतेक खोरी तिच्याहून अरुंद आहेत.