कुर्ल्याच्या संकेतातला सी

उपनगरी स्थानकांच्या रेल्वे-संकेतांत नावांचे जुने इंग्रजी लेखन टिकून आहे. एडीएच ही अक्षरे अंधेरीच्या, बीव्हीआय बोरिवलीच्या आणि एमएलएनडी मुलुंडच्या इंग्रजी नावात त्याच क्रमाने सापडतात. कुर्ल्याच्या सीएलएतला सी मात्र आजच्या लेखनात नाही. तो ब्रिटिश काळी सीने सुरू होणाऱ्या लेखनातला. घाटकोपरच्या जीसीतला सीही मी त्याच कुळातला मानतो. संकेत फक्त वेगळा हवा, अक्षरे कोणतीही चालतात, असा आक्षेप येईल. पण मग बाकीचे संकेत नावांतूनच का निघावेत? शिवाय कल्याणच्या केवायएनमध्ये के आहेच, म्हणजे त्या अक्षराचे वावडे नव्हते. हे संकेत आजच्या लेखनाशी जुळवण्याचा मोह रेल्वेने टाळावा.