तारेतला निरोप कोण गिळतो?

रेडिओवर मध्यम लहरींचे केंद्र लावलेले असताना घरात मिक्सर सुरू झाला, की बातम्यांऐवजी खरखर ऐकू येते. हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी घेतला आहे. वर्गात विद्युत व्यत्ययाचा विषय निघाला की आपण हेच उदाहरण देतो आणि व्यत्यय म्हणजे गोंगाट हे समीकरण विद्यार्थ्यांच्या मनात पक्के बसते. ते अपुरे आहे. किती अपुरे, हे समजण्यासाठी अमेरिकेतील घरांत १९७८ पासून शिरलेल्या एका छोट्या यंत्रणेचा इतिहास पाहू.

स्कॉटलंडमधील ग्लेनरोथीस या गावी १९७० मध्ये काही अभियंत्यांनी पिको इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली. सुरुवातीचे प्रकल्प कॅल्क्युलेटरच्या चिपचे होते. नववा प्रकल्प बीएसआर या ब्रिटिश कंपनीच्या रेकॉर्ड प्लेअरचा. रेकॉर्ड प्लेअर दुरून चालवता येतो, तर घरातले दिवे का नाही, असा विचार १९७५ च्या सुमारास पुढे आला आणि दहावा प्रकल्प जन्मला. त्याचे नाव एक्स-१० असेच राहिले. १९७८ मध्ये तो अमेरिकेत विक्रीला आला. त्याचे मोठे आकर्षण हे, की भिंत फोडून नवी तार टाकावी लागत नव्हती. विजेची जी तार दिव्याला वीज देते, तीच त्याला निरोपही देणार होती.

युक्ती सुंदर होती. प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो. या शून्यबिंदूपाशी १२० किलोहर्ट्झ वारंवारतेचा, एक मिलिसेकंद टिकणारा ठोका तारेत सोडायचा. ठोका आणि त्यानंतरच्या शून्यबिंदूला शांतता म्हणजे १. आधी शांतता आणि मग ठोका म्हणजे ०. निरोपाच्या आरंभी मात्र सलग तीन ठोके आणि एक शांतता. वरच्या नियमाने तीन ठोके लागोपाठ कधीच येऊ शकत नाहीत, म्हणून ही नांदी ओळखायला सोपी. ऐकणाऱ्याला वेगळे घड्याळ नको, कारण विजेचा प्रवाहच ताल धरतो. १६ गृहसंकेत आणि १६ उपकरण क्रमांक मिळून २५६ पत्ते होत. प्रत्येक निरोप दोनदा जाई आणि एक पूर्ण आज्ञा पोहोचायला ४७ आवर्तने, म्हणजे ६० हर्ट्झच्या अमेरिकी विजेवर सुमारे ०.८ सेकंद लागत.

एक उणीव मात्र सुरुवातीपासून होती. दिव्याने निरोप ऐकला की नाही, हे पाठवणाऱ्याला कळत नसे. पोस्टात टाकलेल्या साध्या कार्डासारखेच ते. त्यामुळे काही बिघडले तर बिघाड कुठे आहे याचा पत्ता यंत्रणा स्वतः देत नसे. तो शोधावा लागे.

पहिला गोंधळ अमेरिकी वीजजोडणीमुळे झाला. तेथे खांबावरच्या रोहित्रातून घरात १२० व्होल्टच्या दोन बाजू येतात; दोन्ही मिळून २४० व्होल्ट. एका बाजूच्या खोलीतून सुटलेल्या निरोपाला दुसऱ्या बाजूच्या खोलीत जाण्यासाठी घराबाहेर, थेट रोहित्रापर्यंत जाऊन परत यावे लागे. वाटेत तो क्षीण होई. यातून एक विलक्षण तक्रार उद्भवली: स्वयंपाकघरातली विजेची शेगडी चालू असेल तरच माजघरातला दिवा ऐकतो! विद्यार्थ्यांना हे कोडे जरूर घालावे. शेगडी २४० व्होल्टवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मध्ये जोडलेली असते. ३ किलोवॅटच्या शेगडीचा रोध सुमारे १९ ओहम. ती तापत असताना निरोपाला घरातल्या घरात पूल मिळतो. पुढे या कामासाठी दोन बाजूंना जोडणारे धारित्र बसवू लागले. ते १२० किलोहर्ट्झला वाट देते, ६० हर्ट्झला जवळजवळ देत नाही.

दुसरा शत्रू खराखुरा गोंगाट. दिव्याचा प्रकाश कमीजास्त करणारे डिमर दर अर्ध्या आवर्तनात प्रवाह झटक्याने सुरू करतात. घरच्या वायरिंगमधूनच आवाज पाठवणारे, बाळावर लक्ष ठेवण्याचे इंटरकॉम जवळपासच्या वारंवारतेवर सतत बडबडत राहत. असा गुन्हेगार शोधायला बॅटरीवरचा रेडिओ उपयोगी पडे. मध्यम लहरींचा रेडिओ १२० किलोहर्ट्झ ऐकत नाही हे खरे. पण डिमरसारख्याची खरखर फार रुंद पट्ट्यात पसरलेली असते, त्यामुळे सापडते.

मात्र अनेक घरांत रेडिओ अगदी गप्प असे आणि तरी दिवा लागत नसे. येथे आपल्या समीकरणाचा पाय घसरतो.

१९७८ च्या घरात बहुतेक भार साधे होते: तंतूचे दिवे, मोटारी, तापणारी तार. मग घरोघरी संगणक आले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने अशा उपकरणांतून किती विद्युत गोंगाट बाहेर पडावा यावर मर्यादा घातली. त्या पाळण्यासाठी उपकरण जेथे तारेला जोडले जाते तेथे निर्मात्यांनी गाळणी बसवली. तिचा एक भाग म्हणजे तारेच्या दोन टोकांमध्ये जोडलेले धारित्र. ०.१ मायक्रोफॅरडच्या धारित्राचा प्रवाहाला होणारा विरोध ६० हर्ट्झला सुमारे २६,५०० ओहम असतो. १२० किलोहर्ट्झ ही वारंवारता त्याच्या २००० पट, म्हणून तेथे विरोध उरतो अवघा १३ ओहम. घरात अशी पाच उपकरणे असतील तर तीन ओहमांहूनही कमी. निरोपाचे मूळ बळ काही व्होल्टच. एवढ्या सोप्या वाटेने तो दिव्यापर्यंत पोहोचण्याआधीच जिरून जाई. गोंगाट रोखण्यासाठी केलेला उपायच निरोपाच्या मुळावर आला होता आणि संगणकाचा यात काही दोषही नव्हता.

या दोन आजारांत फरक कसा करायचा? यावर लोकांनी काढलेली कसोटी आम्हाला फार आवडते, कारण तिला कोणतेही मापनयंत्र लागत नाही. संशयित उपकरण बटणाने बंद केल्यावर दिवा ऐकू लागला, तर दोष बहुधा गोंगाटाचा. बटण बंद करूनही फरक पडला नाही, पण प्लग उपसताच दिवा लागला, तर दोष बहुधा निरोप गिळणाऱ्या धारित्राचा, कारण ते अनेकदा बटणाच्या आधीच जोडलेले असते. (बंद असतानाही जागी राहणारी उपकरणे ही कसोटी बिघडवतात, हे लक्षात ठेवावे.) घर मोठे असेल तर आधी एकेक सर्किट बंद करून दोष कोणत्या शाखेवर आहे ते पाहायचे, मग त्या शाखेवरचे प्लग एकेक काढायचे. विद्यार्थ्यांनी मुख्य वीजपुरवठ्यावर असे प्रयोग करू नयेत. कागदावरचे गणित पुरेसे बोलके आहे.

उपाय म्हणजे दोषी उपकरण आणि भिंतीतला सॉकेट यांच्यामध्ये तारेचे वेटोळे असलेली गाळणी बसवणे. वेटोळ्याचा स्वभाव धारित्राच्या उलट. १ मिलिहेन्रीचे वेटोळे ५० हर्ट्झला सुमारे ०.३ ओहम विरोध करते, तर १०० किलोहर्ट्झला सुमारे ६२८ ओहम. हे पाहायला अमेरिकेत जाण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील २२० किलोव्होल्टच्या उपकेंद्राजवळून जाताना काही उच्चदाब तारांच्या तोंडाशी पिंपाच्या आकाराची मोठी वेटोळी टांगलेली दिसतात. त्यांना वेव्ह ट्रॅप म्हणतात. एका उपकेंद्रातून दुसऱ्याकडे वीजवाहिनीवरूनच पाठवलेले संदेश उपकेंद्राच्या यंत्रांत जिरू नयेत, यासाठी ती असतात. बऱ्याच ठिकाणी हे काम आता प्रकाशतंतूंकडे गेले आहे.

घरगुती यंत्रणेत सुधारणा व्हायला वेळ लागला. २००५ मध्ये आलेल्या इन्स्टिऑन या यंत्रणेने तारेच्या जोडीला रेडिओलहरी वापरल्या आणि प्रत्येक निरोपाला पोच देण्याची सोय केली. पोच आली नाही, तर निरोप पुन्हा पाठवला जाऊ लागला.