बोटाचं पेर, वेलीचं पेर

रामटेक म्हटलं की लोकांना कालिदास आठवतो, नाहीतर गडावरचं राममंदिर आणि तिथली वानरं. आमच्या घरात मात्र रामटेकची आणखी एक ओळख होती, कपुरी पान. आजोबा नागपुरात पानठेल्यावर उभे राहिले की पहिला प्रश्न ठरलेला, "रामटेकचं आहे का?" कपुरी पान फिकट पोपटी, जरा लांबट, पातळ, तोंडात फार न झोंबणारं. त्याउलट बंगला पान गोल, जाड, गडद हिरवं आणि चांगलंच तिखट. तर आज ह्या पानाच्या वेलीबद्दल, म्हणजे नागवेलीबद्दल.

दर पावसाळ्यात नात्यातलं कुणी ना कुणी मला एखाद्या वेलीचा फोटो पाठवतं, "ही नागवेलच ना?" म्हणून. हृदयाच्या आकाराचं पान एवढ्यावर जाऊ नका, मंडळी. गुळवेलीचं पानही तसंच असतं, पण तिच्या खोडाची साल कागदासारखी सुटते, ती आधाराला पिळे घालत चढते आणि तिची दोऱ्यासारखी मुळं हवेत लोंबत राहतात. मनीप्लांटची पानं मेणचट असतात आणि त्यावर पिवळे शिंतोडे असतात. ते चुकूनही तोंडात घालू नका, घसा धरेल. मिरवेल ही नागवेलीची सख्खी बहीण, पण तिच्या पानाला विड्याचा वास नाही. नागवेल प्रत्येक पेरापाशी बारीक मुळं सोडते आणि त्यांनीच आधाराला चिकटते. शंका आलीच तर पान चुरगाळून वास घ्या. आमच्या आजीला दुसरी कुठली परीक्षा लागत नसे.

आता गंमत बघा. एवढी जोमाने वाढणारी वेल, पण तिचं बी तुम्ही कधी पाहिलंय का? नागवेलीत नर आणि मादी वेल वेगळ्या असतात, आपल्याकडे तिला फुलं क्वचित येतात आणि लागवड पिढ्यान् पिढ्या फक्त कांड्या लावून होते. ह्याची एक सुंदर कथा बारई समाजात आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल ह्यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर 1916 साली जो चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यातही ती नोंदलेली आहे. कौरवांवरच्या विजयानंतर पांडवांना विड्यासाठी पान हवं होतं. ते पृथ्वीवर नव्हतंच. दूत पाताळात गेला, तेव्हा नागराणी वासुकीने आपल्या करंगळीचं टोकाचं पेर कापून दिलं. ते मातीत लावलं आणि त्यातून वेल आली. म्हणून ती नागवेल, म्हणून तिला फूल नाही, बी नाही, पेरच लावायचं. म्हणूनच नागपंचमीला बारई लोक पानमळ्यात जाऊन वासुकीची पूजा करतात. मराठीत बोटाचंही पेर असतं आणि वेलीचंही. कथा रचणाऱ्याने वेल किती बारकाईने पाहिली असेल!

वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात की ही वेल मुळची आग्नेय आशियातल्या ओल्या जंगलांची. पण ती आपल्याकडे येऊनही फार काळ लोटला. मंदसोरला रेशीम विणकरांनी बांधलेल्या सूर्यमंदिराचा इ.स. 473 चा शिलालेख आहे. बायकांच्या साजशृंगारात त्यात सोन्याचा हार आणि फुलं ह्यांच्या जोडीला तांबूल येतो (आणि विणकरच ते, रेशमी वस्त्राशिवाय हे सगळं अपुरं, असंही सांगून टाकतात). त्याच शतकाच्या सुरुवातीला रामटेकच्या पायथ्याजवळ नगरधनला, म्हणजे तेव्हाच्या नंदिवर्धनला, वाकाटकांची राजधानी होती आणि राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्तांच्याच घरची लेक. पुढे तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले ते रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून, आणि लीळाचरित्रात तर स्वामींच्या तांबुलाचे उल्लेख वारंवार भेटतात.

पण मला राजेरजवाड्यांपेक्षा जास्त अप्रूप वाटतं ते बरेजाचं. ओल्या जंगलातल्या सावलीत वाढणारी ही वेल, आणि रामटेकचा उन्हाळा म्हणजे पारा 45 अंशांवर! तिथे ती जगवायची कशी? बारयांनी उत्तर शोधलं ते असं, की जंगलच बांधायचं. बांबूचा मांडव, वर गवताचं विरळ छत, चारी बाजूंनी कूड, आत थोडं थोडं पण रोजचं पाणी. ऊन गाळून यायचं, लू अडायची, ओल टिकायची. हरितगृह वगैरे शब्द आपल्या कानावर येण्याच्या कितीतरी आधी ही विद्या इथे होती.

ह्या विद्येला एक धोका मात्र चिकटलेला आहे. कांडीवरून कांडी लावत गेलं की मळ्यातल्या बहुतेक वेली म्हणजे मुळात एकच झाड. एकीला जो रोग मानवतो तो सगळ्यांनाच मानवतो. जे. एफ. दस्तूर ह्या बुरशीशास्त्रज्ञाने 1935 साली मध्य प्रांतातल्या पानांच्या रोगांवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. पानमळ्याची मर ज्या फायटोफ्थोरा बुरशीमुळे होते, तिच्याच एका भावंडाने 1845 पासून आयर्लंडमधला बटाटा कुजवून दुष्काळ आणला होता. बोर्डो मिश्रण (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी) हा त्यावरचा उपाय. तोही फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांतून आलेला, म्हणजे एका वेलीचं औषध दुसऱ्या वेलीच्या कामी आलं.

मर रोगाच्या जोडीला बदललेल्या सवयीही आल्या. गुटख्याच्या पुड्यांनी पानाचं गिऱ्हाईक पळवलं. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, पण गिऱ्हाईक विड्याकडे परतलं नाही. विड्याची बाजू घेताना हेही सांगायला हवं की बिनतंबाखूचा सुपारीचा विडाही कर्करोगाला कारण होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केला. दोषी सुपारी, पान नव्हे. पण फटका पानालाही बसला. रामटेकचे बरेजे आता फार उरलेले नाहीत.

आणि इथेच ते पेर पुन्हा आठवतं. गव्हाचं वाण बियाणं म्हणून डब्यात ठेवता येतं. नागवेलीचं नाही. तिचा इतिहास म्हणजे या हातातून त्या हातात गेलेली जिवंत कांडी, मध्ये एकही पिढी न चुकता. शेवटचा मळा वाळला की "रामटेकचं कपुरी" हे नुसतं नाव उरेल.

म्हणून जमेल त्यांनी लावा. पावसाळ्यात तीन-चार पेरांची कांडी घ्या, दोन पेरं मातीत. सावली हवी, ओल हवी, पण पाणी साचायला नको. चढायला खडबडीत खोड किंवा भिंत द्या. वेल हाताबाहेर उंच गेली की खाली उतरवून तिचा पिळा मातीत दाबा, ती तिथून नव्या जोमाने उठेल. पूजेला, पाहुण्यांना, सर्दीत पोटीस बांधायला पानं घरचीच होतील.

आमच्या कुंडीत आहे तिची मूळ कांडी रामटेकची. आप्तेष्टांपैकी ज्यांना हवी त्यांनी कळवा, चार पेरं कापून ठेवते.