सिमेंटसाठी काढलेला नकाशा

कोल्हापुरात घराचा मंजूर नकाशा मागितला की बरेच जण घरफाळ्याची पावती पुढे करतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेली, कधी वडिलांच्या तर कधी आजोबांच्या नावाची. वर ऐकवतात, "इतकी वर्षं फाळा भरतोय साहेब. घर बेकायदा असतं तर पैसं घेतलं असतं व्हय?" 1978 साली एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागलो, पुढे स्वतःच्या सहीने नकाशे सादर करू लागलो, आणि हा प्रश्न तेव्हापासून ऐकतो आहे. विचारणाऱ्याला मी कधी अडाणी समजत नाही. या शहरात घर कसं बांधलं जात आलं, याचा इतिहासच त्याच्या तोंडून बोलत असतो.

तटबंदीच्या आतल्या जुन्या कोल्हापुरात घर बांधताना विचारायचं ते शेजाऱ्याला. भिंत सामाईक असे, म्हणून तिचा खर्च निम्मा-निम्मा. पागोळ्या कुणाच्या अंगणात पडणार, सांडपाणी कुठल्या बाजूने काढायचं, शेजारच्या परड्यावर खिडकी ठेवायची की नाही, हे चार माणसांसमोर ठरे. घराचं माप खणात. दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण, आणि किती खणांचा सोपा एवढं सांगितलं की गवंड्याला आणि सुताराला घर समजलं. जुन्या पेठांतल्या ट्रंकांमधून निघालेले मोडीतले कागद मी जाणकारांकडून वाचून घेतले आहेत. त्यांत लांबी-रुंदीपेक्षा चतुःसीमा आणि पाण्याची वाट यांवरच जास्त शाई खर्च झालेली असते. नकाशा असे तो मोठ्या कामांना. नवा राजवाडा 1877 ते 1884 या काळात मेजर चार्ल्स मँटच्या आराखड्यावरून उभा राहिला. साध्या माणसाच्या घराचा आराखडा गवंड्याच्या डोक्यात.

कोल्हापूरची नगरपालिका 1854 ची. म्हणजे शहराला नगरपालिका मिळून पावणेदोनशे वर्षं होत आली. पण सामान्य घराला शिस्त लागली ती परवान्यापेक्षा आखणीतून. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली. मागोमाग प्लेग आला, आणि खेटून उभ्या घरांची, अंधाऱ्या माजघरांची किंमत काय असते ते शहराला कळलं. 1917 मध्ये महाराजांनी जयसिंगपूर वसवलं. तिथले रस्ते काटकोनात, चौक मोकळे. पुढे राजाराम महाराजांच्या काळात राजारामपुरी झाली, क्रमांकाच्या गल्ल्यांची. या वसाहतींत नियम कागद उघडून वाचावा लागत नव्हता, तो रस्त्याच्या रुंदीत होता. प्लॉट जिथे संपतो तिथे रस्ता सुरू होतो, एवढं सगळ्यांना दिसत होतं.

शेजारच्या ब्रिटिश मुलखात वेगळी रीत पडली होती. 1901 च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यात नव्या बांधकामाची आगाऊ नोटीस देण्याचं बंधन होतं. नगरपालिकेने मुदतीत हरकत घेतली नाही, तर मालक कामाला लागायला मोकळा. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि राज्याच्या कायद्यांबरोबर ही रीतही इथे आली. 'कळवलंय, कुणी अडवलं नाही, म्हणजे चालतंय' या समजाचं मूळ इथे आहे. आजच्या कायद्यातही त्याचा अंश आहे. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 45 नुसार 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. लोकांना हे वाक्य पाठ असतं. त्याच्याच खालची अट मात्र कुणी वाचत नाही. प्रस्ताव सर्व नियमांत तंतोतंत बसत असेल, तरच हे मानणं खरं. नियमाबाहेरचं एक फूटही या मौनातून मंजूर होत नाही.

मी कामाला लागलो तेव्हा मात्र परवान्याचं कारणच निराळं होतं. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. दुकानात जाऊन पोती उचलायची सोय नव्हती. परमिट लागे, आणि परमिटाच्या अर्जाला मंजूर नकाशा जोडावा लागे. नकाशात जेवढं बांधकाम, त्या हिशेबाने पोती. आमच्या ऑफिसात अमोनिया प्रिंटचा वास दिवसभर डोळ्यांत चुरचुरायचा. गिऱ्हाईक खुर्चीवर टेकायच्या आधी विचारायचं, "किती पोती बसतील?" खोल्या किती, जिना कुठे, हे नंतर. कुणी वरचा मजला नुसता कागदावर चढवून घेई. मंजुरी आली, सिमेंट सुटलं, की नकाशाची गुंडाळी माळ्यावर जाई आणि घर गवंड्याच्या सल्ल्याने वर येई.

1982 च्या जानेवारीत, सिमेंट वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर मुख्यमंत्री अंतुले यांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं, 1989 मध्ये पूर्ण गेलं. परमिट गेलं, पण एक सवय मुरली: मंजुरीचा नकाशा वेगळा आणि बांधायचा वेगळा. पुढे सिमेंटची जागा बँकेच्या कर्जाने घेतली. नकाशा घरासाठी काढायचा असतो, ही गोष्ट दोन पिढ्यांना कुणी सांगितलीच नाही.

15 डिसेंबर 1972 ला नगरपालिकेची महापालिका झाली. परवाना, जोता तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र अशी सगळी उतरंड लागली. पण शहर वाढलं ते हद्दीबाहेर. कळंबा, पाचगाव, उचगावकडे घरं सरकली आणि हद्दवाढ दशकानुदशके नुसती गाजत राहिली. गावठाणाबाहेरची शेतजमीन गुंठ्या-दोन गुंठ्यांनी विकली गेली. ग्रामपंचायतीने घरपट्टीला नोंद घातली, दाखला दिला, विजेचं मीटर बसलं. एवढ्यावर संसार थाटले गेले. 2001 चा गुंठेवारी कायदा आला तो अशाच घरांना पदरात घ्यायला. 2017 मध्ये भोवतालच्या 42 गावांसाठी कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. तोवर एका घराच्या फायलीत सात-बारा, घरपट्टी, दाखला, वीजबिल असं सगळं जमलेलं असे. यातला प्रत्येक कागद खरा असे, फक्त बांधायची परवानगी तेवढी नसे.

नियमाचा अर्थ लावताना माणसं कुठे अडतात, त्याचं एक रोजचं उदाहरण देतो. जुन्या पेठेत 3 मीटर रुंदीचा बोळ. घर पडायला आलेलं, म्हणून नवं बांधायचं. नियम असा, की 4.5 मीटर किंवा त्याहून कमी रुंदीच्या बोळात बांधकाम बोळाच्या मध्यापासून 2.25 मीटर मागे हवं. मालक हे अंतर गटारीपासून मोजतो आणि डोक्याला हात लावतो, "मग माझ्या वाट्याला राहिलं काय?" मी टेप बोळाच्या मधोमध धरतो. निम्मा बोळ दीड मीटर, म्हणजे आपल्या हद्दीतून सोडायचे फक्त 0.75 मीटर. समोरच्याने बांधायला काढलं की तोही तेवढेच सोडणार, आणि एके दिवशी बोळ साडेचार मीटरचा होणार. हा हिशेब पटला की बहुतेक जण जिना स्वतःच आत घेतात. न पटणारे विचारतात, "समोरचा सोडणार हाय काय?" या प्रश्नाला नियमावलीत उत्तर नाही. ते वॉर्ड ऑफिसने अंमलबजावणीतून द्यायचं असतं, आणि ते दिलं गेलं नाही की नियमावरचा विश्वास उडतो.

दुसरं उदाहरण पाण्याचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 मध्ये 56 फूट ओलांडलं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतार मळा, जयंती नाल्याकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. पूररेषा दोन आहेत, निळी आणि लाल. नदी आणि निळी रेषा यांच्या दरम्यान नवं घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं 0.45 मीटर उंच हवं. घोटाळा इथे होतो. रस्त्यापासून दीड फूट भर टाकून मालक निर्धास्त होतो. नियमातले 0.45 मीटर मोजायचे असतात लाल रेषेच्या पातळीपासून वर. काही जागी याचा अर्थ सबंध तळमजला खांबांवर मोकळा सोडणं असा होतो. खर्च दुखतो, हे खरं. पण ज्यांनी एकदा फर्निचर, पीठ-मीठ आणि मुलांची दप्तरं चिखलातून काढली आहेत, त्यांच्याशी या एका ओळीवर मला फार वाद घालावा लागत नाही.

डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही निवडक क्षेत्रं सोडून सगळ्या महाराष्ट्राला एकच एकत्रित नियमावली लागू झाली. तिच्यात लहान घरांसाठी एक मोठी सवलत आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर आर्किटेक्टच्या किंवा परवानाधारक अभियंत्याच्या सहीचा, नियमांत बसणारा नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचं, आणि त्या शुल्काची पावती हीच परवानगी. पावतीला परवाना समजणाऱ्या माझ्या कोल्हापूरकराचं म्हणणं कायद्याने अखेर मान्य केलं, असं कुणाला वाटेल. पण ही पावती विकास शुल्काची आहे, तिच्या पाठीशी नकाशा आहे, आणि तो चुकला तर जबाबदारी मालकाची आणि सही करणाऱ्याची. घरफाळ्याच्या पावतीमागे असं काही नसतं. उलट महापालिका अधिनियमात बेकायदा बांधकामावर शास्ती लावायची तरतूद आहे, आणि ती भरल्यानेही बांधकाम नियमित होत नाही, असं तिथेच लिहिलं आहे.

मंजुरीच्या नकाशात पाडायचं काम पिवळ्या रेघांत दाखवतात, नवं लाल रंगात. हे वाचायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. तेव्हा जुनं घर किंवा फ्लॅट घ्यायला जाल तेव्हा घरफाळ्याची पावती बाजूला ठेवा. मंजूर नकाशा मागा, टेप घ्या, खोल्या, जिना आणि चारी बाजूंची मोकळी जागा मोजा. नकाशा आणि घर एकमेकांशी जुळलं आणि भोगवटा प्रमाणपत्र समोर आलं, तरच विसार द्या.