वाट कोणाच्या हाती? : यूटीव्हीच्या व्हिडिओ गेम विभागाची हकिगत

मुंबईच्या सिनेमा कंपन्यांचा इतिहास आपण स्टुडिओ, नट, दिग्दर्शक आणि गाजलेले चित्रपट यांच्याभोवती लिहितो. या कंपन्यांनी पडद्याबाहेर जे धंदे केले, त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचित जाते. ‘स्वदेस’, ‘रंग दे बसंती’, ‘जोधा अकबर’ हे चित्रपट देणाऱ्या यूटीव्हीने २००७ नंतर काही वर्षे व्हिडिओ गेम काढले. त्यासाठी तिची माणसे मुंबईत, लंडनमध्ये आणि टोकियोतही कामाला होती. तो विभाग आज नाही. तो का उभा राहिला आणि का टिकला नाही, हे या लेखात मांडायचे आहे.

वरूडमध्ये बसून हा विषय का घेतला, असे कोणी विचारील. सिनेमाच्या धंद्यात आमचा मुलूख आजही ‘सीपी बेरार’ या नावाने ओळखला जातो. १९५० साली त्या प्रांताचे नाव बदलले, १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आला, पण वितरकांच्या वहीतले नाव पुसले गेले नाही. अमरावती हे या सर्किटचे जुने वितरण केंद्र. चित्रपट मुंबईत तयार होई आणि त्याच्या पेट्या कोणत्या गावात किती दिवस राहतील हे वितरक ठरवी. निर्मात्याइतकाच वाटेचा मालक मोठा असतो, हे वऱ्हाडातल्या प्रेक्षकाला वेगळे शिकवावे लागत नाही. गेमच्या धंद्याकडे मी याच नजरेने पाहतो.

दोन वेगळे धंदे

रॉनी स्क्रूवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली यूटीव्ही स्थापन केली. दूरदर्शनवरची ‘शांती’ ही मालिका १९९४ची. पुढे चित्रपट आले, २००४ साली ‘हंगामा टीव्ही’ ही मुलांची वाहिनी आली. २००६ साली डिस्नेने ती वाहिनी विकत घेतली आणि यूटीव्हीतही १४.९ टक्के भाग घेतला. मालिका, चित्रपट आणि मुलांची वाहिनी करून झालेल्या कंपनीला गेम ही पुढची पायरी वाटली, तर त्यात नवल नव्हते.

२००७ साली यूटीव्हीने दोन कंपन्यांवर ताबा मिळवला. पहिली मुंबईची इंडियागेम्स. विशाल गोंडल यांनी ती १९९९ साली सुरू केली होती. २००४च्या अखेरीस चीनच्या टॉम ऑनलाइनने तिचा मोठा हिस्सा घेण्याचा करार केला होता. दुसरी कंपनी इंग्लंडची इग्निशन एंटरटेनमेंट. पुढच्या वर्षी अमेरिकेतली ट्रू गेम्स ही ऑनलाइन गेमची कंपनीही आली. कागदावर हा एकच विभाग दिसतो, पण त्यात मोबाइल आणि कन्सोल हे दोन मुख्य धंदे होते आणि त्यांचा स्वभाव एकमेकांपासून फार वेगळा होता.

इंडियागेम्सचा मुख्य धंदा मोबाइलचा. त्या काळातल्या नोकियाच्या साध्या जावा फोनवर ६४ किलोबाइटच्या आत अख्खा गेम बसवावा लागे. चित्रे, आवाज, गुण मोजणे, सगळे त्यातच. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यापेक्षा कितीतरी पट मोठा असतो. शिवाय प्रत्येक फोनचा पडदा वेगळा आणि बटणेही वेगळी, म्हणून एकच गेम शेकडो हँडसेटांसाठी पुन्हा पुन्हा बेतावा लागे. हे किचकट, बिननावाचे काम मुंबईतल्या तरुण मुलामुलींनी केले. क्रिकेट आणि सिनेमा हे हक्काचे विषय होते. २०११च्या ‘रा.वन’वरचा मोबाइल गेम याच कंपनीचा.

इग्निशनचे काम कन्सोलचे. तिथे एका गेमला तीन-चार वर्षे आणि प्रचंड पैसा लागतो आणि तो सगळा आधी घालावा लागतो. टोकियोत ताकेयासु सावाकी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘एल शद्दाई’ तयार झाला. हनोखच्या प्राचीन ग्रंथावर बेतलेला हा गेम २०११ साली बाजारात आला आणि त्यातल्या चित्रांची समीक्षकांनी वाखाणणी केली. लंडनमधला ‘वॉरडेव्हिल’ मात्र कधीच बाहेर आला नाही.

वाट आणि वाटा

सिनेमा कंपनीला कन्सोलचा धंदा ओळखीचा वाटणे साहजिक होते. दिग्दर्शकाचे नाव, मोठा खर्च, प्रदर्शनाची तारीख, सारे चित्रपटासारखेच. पण सिनेमात यूटीव्हीजवळ सर्किटे होती, वितरक होते आणि एक चित्रपट पडला तर दुसरा सावरून घेई. कन्सोलचा ग्राहक अमेरिका, जपान आणि युरोपात होता. २००८च्या मंदीनंतर तिथेही हात आखडले. ‘रंग दे बसंती’ सीपी बेरारमध्ये पोचला. ‘एल शद्दाई’ त्याच कंपनीचा असून इथल्या बाजारात त्याचे नाव कोणी घेतले नाही.

मोबाइल गेमचा ग्राहक मात्र आमच्या गावातही होता. अडचण मधल्या माणसाची होती. गेमचे पैसे टॉकटाइममधून कापले जात आणि त्यातला अर्ध्याहून अधिक वाटा मोबाइल कंपनी ठेवून घेई. उरलेल्यात गेम बनवणारा आणि सिनेमाचे हक्क देणारा. आमच्याकडे संत्र्याच्या बगीच्याचा सौदा फळ झाडावर असतानाच होतो. आंबिया असो की मृग, भाव ठरतो तो बाजाराची वाट ज्याच्या हाती आहे त्याच्याकडून. गेम बनवणाऱ्याची गत तीच झाली. वरूडसारख्या गावात आणखी एक वाट होती, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाची. तिथे दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डात गाणी भरून मिळत, सोबत गेमही. त्यातला एक पैसाही मुंबईला जात नसे.

पुढे स्मार्टफोन आले आणि वाट गूगल व ॲपलकडे गेली. मोबाइल कंपनीची पकड सुटली, पण गेम फुकट मिळू लागले. जाहिरातीवर आणि गेमच्या आतल्या खरेदीवर कमाई करायची तर अफाट भांडवल लागते.

फेब्रुवारी २०१२मध्ये यूटीव्ही पूर्णपणे डिस्नेच्या ताब्यात गेली. ‘चेन्नई एक्सप्रेस’वरचा गेम २०१३ साली आला खरा, पण निर्णय आता मुंबईत होत नव्हते. गोंडल बाहेर पडले, स्क्रूवालाही गेले. याच डिस्नेने २०१२ साली लुकासफिल्म घेतली आणि २०१३च्या एप्रिलमध्ये लुकासआर्ट्स या तिच्या नावाजलेल्या गेम विभागातले निर्मितीचे काम थांबवले. २०१६ साली कन्सोलसाठी स्वतः गेम काढणेही सोडले आणि त्याच वर्षी हिंदी चित्रपटनिर्मितीतून माघार घेतली. इंडियागेम्स हे नाव बाजारातून गेले.

काय उरले?

धंदे बसतात, त्याचे दुःख फार करू नये. प्रश्न मागे काय राहते याचा आहे. ‘एल शद्दाई’चे हक्क सावाकींच्या स्वतःच्या कंपनीने मिळवले आणि २०२१ साली तो संगणकावर व २०२४ साली निन्टेन्डो स्विचवर पुन्हा आला. निर्मात्याच्या हाती हक्क आले म्हणून कृती वाचली. मुंबईच्या मोबाइल गेमना असा वाली मिळाला नाही. मोबाइल कंपन्यांची जुनी पोर्टले बंद पडली आणि गेम त्यांच्याबरोबर गेले.

पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी असा १९५४चा कायदा आहे. चित्रपटांसाठी पुण्याला १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तरीही आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले, कारण संग्रहालय उभे राहीपर्यंत उशीर झाला होता. व्हिडिओ गेमसाठी तर असा कायदाही नाही आणि असे संग्रहालयही नाही.

मी काही वर्षांपासून जुने हँडसेट आणि मेमरी कार्डे जमवतो. ज्या दुकानांनी मुंबईचा वाटा बुडवला, त्यांनीच भरून दिलेल्या कार्डांत हे गेम अजून सापडतात. जुन्या फोनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर ते आज चालवताही येतात. ते बनवणारी माणसे आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवण्याची हीच वेळ आहे, आणि ते काम विद्यापीठांच्या माध्यम विभागांना सहज जमण्यासारखे आहे. दिवाळीच्या साफसफाईत कपाटातला जुना बटणांचा फोन हाती लागला, तर वाचकांनी तो भंगारात देऊ नये. आधी त्यातले कार्ड काढून पाहावे.