एकच खूण, तीन उत्तरं : एमएसआयची गोष्ट

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात येतो. त्यात हल्ली बऱ्याचदा चार नावं असतात : एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६. ही चार प्रोटीनं गाठीच्या पेशींमध्ये दिसली की नाही, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. मी मार्करवर काम करते हे कळलं की ओळखीतले लोक हमखास विचारतात, "यातलं एखादं नसेल तर ते चांगलं की वाईट?"

प्रश्न साधा आहे, पण शास्त्राने त्याला गेल्या तीसेक वर्षांत एकामागून एक तीन वेगवेगळी उत्तरं दिली. गंमत म्हणजे तिन्ही उत्तरं बरोबर होती.

आधी ही प्रोटीनं करतात काय ते बघू. पेशी दुभंगते तेव्हा डीएनएची सुमारे सहाशे कोटी अक्षरं नव्याने उतरवली जातात. त्यात काही ठिकाणी एकच अक्षर किंवा अक्षरांची जोडी सलग पुन्हा पुन्हा येते. अशा जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. जपमाळ ओढताना सारखे मणी बोटांखालून जातात आणि मध्येच मोजणी चुकते ना, तसंच इथे होतं. एखादं अक्षर जास्त पडतं, एखादं गळतं. ही चार प्रोटीनं म्हणजे पेशीतले मुद्रितशोधक. ते झालेली चूक शोधून दुरुस्त करून घेतात. ते गैरहजर असले तर चुका साठत जातात आणि या जागांची लांबी बदलत राहते. याचंच नाव मायक्रोसॅटेलाइट इन्स्टॅबिलिटी, थोडक्यात एमएसआय. मोठ्या आतड्याच्या साधारण १५ टक्के कॅन्सरमध्ये ते सापडतं.

गोष्ट मात्र डीएनएची रचना कळण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. १८९५ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन यांना शिवणकाम करणारी एक बाई भेटली. आपल्या घरात बहुतेक जण कॅन्सरने गेले, मीही लवकरच त्यानेच जाणार, असं तिने सांगितलं. आणि तसंच झालं. ती गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वॉर्थिननी तिच्या घराण्याची वंशावळ लिहून काढली आणि १९१३ मध्ये छापली. ते घराणं पुढे 'फॅमिली जी' म्हणून ओळखलं गेलं. १९६० च्या दशकात नेब्रास्कातल्या हेन्री लिंच या डॉक्टरांनी अशीच घराणी शोधून काढली. कॅन्सर आनुवंशिक असू शकतो हे तेव्हा फारसं कोणी मानायला तयार नव्हतं. आज त्या आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात.

इतर रुग्णांच्या बाबतीत 'पुढे काय होईल' याचा अंदाज बांधायचा तर एकच साधन होतं : गाठ किती खोल गेली आणि लसिका ग्रंथींपर्यंत पोचली का हे पाहणं. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये ही वर्गवारी मांडली आणि तिचा सांगाडा आजही टिकून आहे. अडचण अशी, की एकाच स्टेजच्या दोन रुग्णांपैकी एक ठणठणीत बरा व्हायचा आणि दुसऱ्याचा आजार दोन वर्षांत परत यायचा. असं का, हे मायक्रोस्कोपमधून कळत नव्हतं.

मग आलं १९९३. त्या एका वर्षात तीन वेगवेगळ्या गटांना आतड्याच्या गाठींमध्ये हीच विस्कटलेली मायक्रोसॅटेलाइटं दिसली. फोगेलस्टाइन आणि त्यांच्या फिनलंडमधल्या सहकाऱ्यांना ती लिंच घराण्यांच्या गाठींत दिसली, मॅन्युएल पेरुचो यांच्या गटाला आणि मेयो क्लिनिकच्या स्टीफन थिबोदो यांना इतर रुग्णांच्या गाठींत. यीस्टवर काम करणाऱ्यांनी लगेच ओळखलं, की दुरुस्ती करणारे जीन बिघडले की यीस्टमध्येही नेमकं असंच होतं. वर्ष संपायच्या आत माणसातला एमएसएच-२ सापडला, पुढच्या वर्षी एमएलएच-१. पुढे फॅमिली जीमधला दोषही एमएसएच-२ मध्येच निघाला. त्या बाईच्या भाकिताचं कारण कळायला शंभर वर्षं लागली.

थिबोदो यांनी ९० गाठी तपासल्या, त्यातल्या २५ मध्ये एमएसआय होतं. हे रुग्ण इतरांपेक्षा जास्त जगलेले दिसले. २००० साली कॅनडात पन्नास किंवा त्याहून कमी वयाच्या ६०७ रुग्णांच्या अभ्यासातही तेच दिसलं. तेव्हा पहिलं उत्तर : चांगलं. आजाराचा कल सौम्य आहे. अशा खुणेला प्रोग्नोस्टिक मार्कर म्हणतात.

पण डॉक्टरला नुसता कल कळून भागत नाही. समोरच्या माणसाला केमो द्यायची की नाही, हे त्याला ठरवायचं असतं. ऑपरेशननंतर दिली जाणारी केमो तेव्हा मुख्यतः फ्लुओरोयुरॅसिलची होती. ती एमएसआय असलेल्यांना लागू पडते का? काही अभ्यासांत तर त्यांनाच जास्त फायदा झाल्यासारखं दिसलं होतं. पण त्या अभ्यासांत केमो कोणाला द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. सहसा ज्यांची तब्येत बरी, वय कमी, त्यांना औषध मिळायचं. मग फायदा औषधाचा की तब्येतीचा, हे कसं ओळखणार?

इथे जुन्या ब्लॉक्सनी हात दिला. केमो खरंच उपयोगी आहे का हे तपासायला पूर्वी ज्या चाचण्या झाल्या, त्यात काही रुग्णांना केमो दिली होती आणि काहींना मुद्दाम दिली नव्हती, तेही चिठ्ठी टाकून. १९९० पासून तिसऱ्या स्टेजला केमो देणं अमेरिकेत नियमच झाला, त्यामुळे तिथे असा 'केमोविना' गट पुन्हा करता येण्यासारखा नव्हता. पण त्या रुग्णांच्या गाठींचे मेणात बसवलेले तुकडे कपाटांत जपलेले होते. अशा ५७० गाठी तपासून क्रिस्टीन रिबिक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातल्या ९५ गाठींत एमएसआय ठळक होतं. केमो न घेतलेल्यांमध्ये हे रुग्ण इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त जगले होते. केमो घेतलेल्यांमध्ये मात्र ती आघाडी दिसेनाशी झाली.

म्हणजे दुसरं उत्तर : कल चांगला, पण हे औषध एकट्याने दिलं तर उपयोगाचं नाही. कारणही पटण्यासारखं आहे. फ्लुओरोयुरॅसिलने बिघडवलेला डीएनए ओळखून पेशीला मरणाकडे ढकलण्यात हेच मुद्रितशोधक भाग घेतात. ते जागेवर नसतील तर औषधाचा घाव वाया जातो. औषध लागू पडेल का हे सांगणारी खूण म्हणजे प्रेडिक्टिव्ह मार्कर. आज दुसऱ्या स्टेजच्या एमएसआय रुग्णाला नुसतं फ्लुओरोयुरॅसिल देत नाहीत, ते या कामामुळे आणि त्याला पुढे मिळालेल्या दुजोऱ्यामुळे. उलट्या, तोंड येणं, जुलाब हे सगळं सोसून हाती काहीच लागणार नसेल, तर ते वाचवणं हाही उपचारच.

तिसरं उत्तर एका अपवादातून आलं. रोगप्रतिकारशक्तीवरचा ब्रेक काढणारी पीडी-१ विरोधी औषधं आतड्याच्या कॅन्सरवर चालत नाहीत, असं सुरुवातीच्या चाचण्यांत वाटत होतं. पण २०१० मध्ये छापलेल्या एका छोट्या चाचणीत आतड्याच्या कॅन्सरच्या एका रुग्णाचा आजार पूर्ण नाहीसा झाला होता. त्याची गाठ एमएसआयची निघाली. दुरुस्तीच नसल्याने अशा गाठीत चुकीची, 'परकी' वाटणारी प्रोटीनं ढिगाने तयार होतात, म्हणून प्रतिकारशक्ती तिला ओळखत असेल का? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हे तपासलं गेलं आणि २०१५ मध्ये छापलं गेलं. दुरुस्ती बिघडलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या १० पैकी ४ रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. दुरुस्ती शाबूत असलेल्या १८ पैकी एकाचीही नाही. एका गाठीतले बदल मोजले तर सरासरी १७८२ विरुद्ध ७३. गटांची संख्या लहान होती, पण फरक डोळ्यांत भरणारा होता. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पेम्ब्रोलिझुमॅबला मंजुरी दिली, ती गाठ कोणत्या अवयवात आहे हे न पाहता या खुणेवर. असं पहिल्यांदाच घडलं.

२०२२ मध्ये न्यूयॉर्कहून बातमी आली : या प्रकारच्या गुदाशयाच्या कॅन्सरचे १२ रुग्ण, औषध डोस्टार्लिमॅब, आणि बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी. तोवर एकालाही ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशन लागलं नव्हतं. गुदाशयाच्या ऑपरेशननंतर कायमची पोटावर पिशवी येऊ शकते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

या तीस वर्षांत एमएसआय बदललं नाही, त्याला विचारलेला प्रश्न बदलला. आधी विचारलं, आजार कसा वागेल? मग विचारलं, हे औषध चालेल का? मग, ते नाही तर दुसरं कोणतं? शिवाय आणखी एक प्रश्न आहे, सगळ्यात जुना, त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा : माझ्या घरच्यांचं काय? बहुतेक एमएसआय गाठी आनुवंशिक नसतात. वाढत्या वयात एमएलएच-१ हा जीन त्या गाठीपुरता बंद पडलेला असतो. पण काही लिंच सिंड्रोमच्या असतात, आणि मग भावंडांची, मुलांची तपासणी वेळेवर झाली तर कॅन्सर होण्याआधीच गाठता येतो.

म्हणून "चांगलं की वाईट?" असं कोणी विचारलं की मी आता उलट विचारते, "कशासाठी? स्टेज कोणती, औषध कोणतं, घरात आणखी कोणाला आहे का?" आणि हे सगळं घेऊन आपल्या डॉक्टरांसमोर बसा, असं सांगते. रिपोर्टमधली ती एक ओळ एकटी वाचून तिचा अर्थ लागत नाही.