सेनापती त्र्यंबकराव दाभाडे: डभोईच्या रणातील अखेर

सयाजीगंजपासून डभोई सुमारे तीस किलोमीटर आहे. डभोई व भिलापूरच्या परिसरात १ एप्रिल १७३१ रोजी मराठ्यांचा सेनापती मराठ्यांच्याच पेशव्याविरुद्ध लढताना मारला गेला. पाठ्यपुस्तकांत या लढाईला बहुधा एखादेच वाक्य मिळते.

वादाचे मूळ गुजरातच्या चौथाईत होते. गुजरातवर दाभाडे घराणे आपला हक्क मानत असे. खंडेराव दाभाडे १७२९ मध्ये वारले व सेनापतिपद पुत्र त्र्यंबकरावाकडे आले. पुढच्याच वर्षी मोगल सुभेदार सरबुलंदखानाने चौथाईचा करार केला तो मात्र पेशव्यांशी. त्र्यंबकरावाला हा आपल्या दौलतीवर घाला वाटला. त्याने निजामाशी संधान बांधले. पिलाजी गायकवाड, कंठाजी कदम बांडे, उदाजी पवार हे सरदार त्याला मिळाले. दरम्यान नवा सुभेदार अभयसिंह राठोड बाजीरावाशी समझोता करून बसला होता. निजामाच्या भरवशावरचा मराठा सेनापती एकीकडे आणि मोगल सुभेदाराशी समेट केलेला पेशवा दुसरीकडे, असा हा सामना होता. त्याला धर्माची सोपी चौकट लावणारे या पटाकडे पाहतच नाहीत.

बाजीराव पिलाजीच्या ताब्यातील वडोद्याला वेढा घालून होता. निजामाची गाठ पडण्याआधीच सेनापतीला गाठावे म्हणून त्याने वेढा उठवला. संख्याबळ दाभाड्यांकडे अधिक होते. पण फळी फुटली, बांडे निघून गेला, उदाजी पवार कैद झाला, पिलाजीचा पुत्र सयाजी पडला व स्वतः पिलाजी जखमी झाला. त्र्यंबकराव हत्तीवरून लढत राहिला. त्याला निसटता आले असते, पण तो हटला नाही. अखेर बंदुकीची गोळी लागून तो ठार झाला. ती गोळी घरच्याच माणसाची होती, असेही सांगितले जाते. लढाईच्या धुमश्चक्रीत अशा गोष्टीचा निवाडा कोण करणार?

इ. स. पूर्व ४८ मध्ये सीझरकडून हरलेला पाँपी इजिप्तच्या किनाऱ्यावर मारला गेला. एके काळी तो सीझरचा जावई होता. त्याची मुद्रा हाती येताच सीझर रडला, असे प्लुटार्क लिहितो. पाँपी पळाला आणि आश्रय मागताना दगा होऊन मेला. त्र्यंबकराव पळालाच नाही. साम्य आहे ते इतकेच की दोघांनाही परक्या शत्रूने नव्हे, तर एकाच राज्याच्या सत्तास्पर्धेने खाली ओढले.

युद्धानंतर शाहू छत्रपतींनी दाभाड्यांची दौलत बुडू दिली नाही. अल्पवयीन यशवंतरावाला सेनापतिपद देण्यात आले, आई उमाबाईंची समजूत काढण्यात आली, आणि गुजरातच्या वसुलीचा अर्धा वाटा पेशव्यामार्फत छत्रपतींकडे भरण्याचे ठरले. कारभार मात्र पिलाजीच्या हाती गेला. त्याला 'सेनाखासखेल' हा किताब मिळाला. १७३२ मध्ये अभयसिंहाच्या माणसांनी डाकोर येथे पिलाजीचा खून केला. तरी गुजरातेत पुढे राज्य उभे राहिले ते गायकवाडांचे, वडोद्याचे. दाभाड्यांकडे पद उरले आणि तळेगावचे घर.